पाचव्या अटीचा दगड

बुधवार, ८ ऑक्टोबर २०२५. सकाळी धुकं, दहानंतर लख्ख ऊन. कौन्सिलात एजंटांची बैठक. चोवीस जण हजर, चहा कोमट. नवा आराखडा मंजूर झाला, क्रॅगफूट वाडी रेषेबाहेर गेली. सेडन यांच्या घराची पाचवी अट पुरी झालेलीच नाही. चूक माझी. दगड सापडला, कागद नाही. मुदत एकोणीस तारखेची. दुपारी विल्फ सेडनला फोन केला. तो काहीच बोलला नाही.

विनिफ्रेड गिलो यांच्या डायऱ्यांत इतरांच्या चुका भरपूर सापडतात. गॅसवाल्याने चुकवलेला दिवस, फादरनी प्रवचनात सांगितलेलं चुकीचं साल, कौन्सिलच्या पत्रातला चुकलेला घरक्रमांक. ‘चूक माझी’ हे मात्र वर्षाकाठी एखाद्या वेळीच, आणि तेही बहुतेक मुरंब्याच्या बाबतीत.

इंग्लंडमधल्या लँकशरच्या एका कोपऱ्यात, हॉडरबेक नावाच्या बाजारगावात, कोणाला गोठ्याचं घर करायचं असेल, स्वयंपाकघर मागे आठ फूट वाढवायचं असेल किंवा छपराला खिडकी पाडायची असेल, तर कौन्सिलच्या प्लॅनिंग खात्याची परवानगी लागते. ती मिळवून देणारा तो एजंट. एजंट व्हायला पदवी लागत नाही की परवाना लागत नाही. चिकाटी लागते आणि लाल शाई. नकाशावर जागेच्या हद्दीभोवती लाल रेघ ओढायची असते आणि ती सार्वजनिक रस्त्याला टेकली नाही तर अर्ज न वाचताच परत येतो.

ह्यूबर्ट गिलो मागांची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात नकाशे काढायचा. कारखाना बंद पडला तेव्हा त्याने ड्रॉइंग बोर्ड घरी आणून स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभा केला. विनिफ्रेडबाई तेव्हा बत्तीस वर्षांच्या होत्या. ह्यूबर्ट नकाशा काढी, त्या फॉर्म टाइप करीत आणि लाल रेघ ओढीत, कारण रेघेच्या शेवटाला ह्यूबर्टचा हात हलायचा आणि यांचा हलत नसे. कॉन्व्हेंटमधल्या नन्सनी सात वर्षं समास आखायला लावून तो हात घडवला होता. नऊ वर्षांपूर्वी ह्यूबर्ट गेला. दफनानंतर चौथ्या दिवशी एका शेतकऱ्याचा फोन आला, आमच्या शेळ्यांच्या शेडचं कुठवर आलं म्हणून. कुठवर आलं ते विनिफ्रेडबाईंनाच ठाऊक होतं. त्यांनी सांगितलं, पुढचा फॉर्मही भरून दिला, आणि कोणी काही न ठरवता काम त्यांच्याकडेच राहिलं. आता त्या शहात्तर वर्षांच्या आहेत.

वसंतात एकदा आणि शरदात एकदा कौन्सिल गावातल्या आणि आसपासच्या सगळ्या एजंटांना सभागृहात बोलावतं. नियम काय बदलले, फॉर्म कोणते नवे आले, अर्ज का रखडले, हे खातं सांगतं आणि मग एजंट तक्रारी करतात. एजंट बिस्किटांसाठी येतात, असं खात्यातले लोक म्हणतात. विनिफ्रेडबाई येतात त्या मागच्या बैठकीच्या इतिवृत्तातल्या चुका सांगायला. खात्याचे प्रमुख नदीम रफीक, बर्न्लीचे, चाळिशीतले गृहस्थ. त्यांच्या पहिल्याच बैठकीत बाईंनी सात चुका काढल्या. दुसऱ्या बैठकीच्या आधी रफीकनी इतिवृत्ताचा कच्चा मसुदा बाईंच्या घरी तपासायला पाठवला, आणि तेव्हापासून दोघांचं चांगलं जमलं.

आता सेडनचं घर. विल्फ सेडनची क्रॅगफूटला मेंढ्यांची आणि थोड्या गाईंची शेती आहे. त्याची मुलगी हेझल आणि दुधाचा टँकर चालवणारा तिचा नवरा चार वर्षं अंगणातल्या कॅरव्हानमध्ये, चाकांवरच्या घरात, राहत होते. तिथेच एक मूल झालं होतं आणि दुसरं नाताळच्या सुमाराला यायचं होतं. विहिरीपलीकडच्या तुकड्यावर त्यांच्यासाठी घर बांधायची परवानगी बाईंनी मिळवून दिली होती, २० ऑक्टोबर २०२२ ला. तीन वर्षांच्या आत काम सुरू केलं नाही तर परवानगी आपोआप संपते. सुरू करणं म्हणजे फार काही नाही, पायाचा एक चर खणला तरी चालतं. फक्त त्याआधी पाच अटी पुऱ्या झालेल्या हव्यात: सांडपाण्याची सोय, जुनी झाडं राखणं, वटवाघळांना राहायला पेट्या, फाटकाची रुंदी आणि पाचवी, चुन्यात बसवायचा भिंतीचा दगड खात्याला दाखवून पसंत करून घेणं.

विल्फचं म्हणणं, मेंढ्या विऊ देत, मग बघू. मग गवत कापून होऊ दे. मग जनावरांचा बाजार होऊ दे. बाई दर तीन महिन्यांनी त्याला पत्र पाठवत, तो ती फ्रिजवर लावून ठेवी. शेवटी यंदा अठरा ऑक्टोबरचा शनिवार ठरला. म्हणजे एक दिवस हातात राखून. विल्फच्या हिशेबाने हा पुष्कळ वेळ होता.

बैठकीत रफीकनी आधी नव्या आराखड्याचं सांगितलं. वाड्यांभोवतीच्या रेषा बदलल्या होत्या आणि रेषेबाहेर नवं घर मिळणार नव्हतं. पडद्यावर नकाशा आला. क्रॅगफूटच्या भोवती रेषाच नव्हती. ज्यांच्या हातात जुनी परवानगी आहे त्यांनी ती जपावी, संपली तर पुन्हा मागायला येऊ नये, असं रफीक म्हणाले. मग पुढचं पान लावून त्यांनी सांगितलं, की अटी पुऱ्या व्हायच्या आधी खणलेला चर खातं चर मानत नाही.

“मग काय मानता?” डेरेक ऐन्सकफने मागच्या रांगेतून विचारलं. हा गावातला सगळ्यात मोठा एजंट, तीन माणसं हाताखाली, सगळं काम संगणकावर.

“खड्डा,” रफीक म्हणाले.

सगळे हसले. विनिफ्रेडबाईही हसल्या, आणि सवयीने त्यांनी पिशवीतून सेडनची वही काढली. पाच अटी, पाच ओळी. पहिल्या चार ओळींपुढे मंजुरीच्या पत्रांच्या तारखा होत्या. पाचवीपुढे लिहिलं होतं, ‘दगड, १४ मार्च २०२३, स्वतः नेऊन दिला.’ त्यापुढचा रकाना कोरा होता.

तो कसा राहिला ते त्यांना बसल्या जागी कळलं. ह्यूबर्टच्या काळापासून दगडाचं काम असंच व्हायचं. दगड पिशवीत घालून न्यायचा आणि खात्यातल्या पिलिंगसाहेबांच्या टेबलावर ठेवायचा. ते कपातला थोडा चहा त्यावर ओतून ओला रंग बघत, मान हलवत, आणि दोन दिवसांनी पत्र येई. मार्चमध्ये पिलिंगसाहेबांनी चहा ओतला, मान हलवली आणि दोन आठवड्यांनी ते निवृत्त झाले. तोवर दगडासाठीसुद्धा संगणकावरून फॉर्म भरायचा नियम आला होता. बाईंना तो नियम माहीत होता. इतर चार अटींचे फॉर्म त्यांनीच भरले होते. दगडाचा भरला नाही, कारण दगडाचा फॉर्म चाळीस वर्षांत कधी भरलेला नव्हता, आणि पिलिंगसाहेबांची मान म्हणजे पत्रच असं मनाने धरून टाकलं होतं.

बैठक संपल्यावर रफीकना बाजूला घेऊन सांगता आलं असतं. पण कॉन्व्हेंटमध्ये चूक झाली की जागेवर उभं राहून सांगायची असे, आणि गुडघे डोक्याला विचारायच्या आधीच उभे राहिले.

“इतिवृत्तात काही चुकलंय का, मिसेस गिलो?” रफीकनी विचारलं. सभागृहात खसखस पिकली.

“इतिवृत्त ठीक आहे. चुकलंय माझं.”

त्यांनी अर्जाचा नंबर सांगितला, मग तारीख, मग दगड. पिलिंगसाहेबांचा चहासुद्धा सांगितला. कोणी हसलं नाही.

“विनी, तू?” डेरेक म्हणाला. “फॉर्म न भरता?”

“मी, डेरेक. हळू बोललास तरी इतिवृत्तात येईल.”

दगड दिसायला कसा होता, असं रफीकनी विचारलं. वाळूचा दगड, बाईंनी सांगितलं, पिवळसर तपकिरी, पावाच्या लादीएवढा, एका बाजूला छिन्नीचे घाव. हे सांगत असताना त्यांच्या लक्षात आलं की रफीक आपल्याकडे बघत नाहीत. ते दाराकडे बघत होते. मग पहिली रांग दाराकडे बघू लागली, मग दुसरी.

सभागृहाचं दार जड आहे, आग लागली तर अडवणारं. त्यावर ‘हे दार कायम बंद ठेवावे’ अशी पाटी आहे. ते उघडं राहावं म्हणून त्याला पावाच्या लादीएवढा एक पिवळसर तपकिरी दगड लावलेला होता.

“मी इथे आलो तेव्हापासून तो तिथेच आहे,” रफीक म्हणाले. “मला वाटलं कौन्सिलच्या मालकीचा असेल.”

डेरेक उठला आणि त्याने दगड उचलला. दार धाडकन मिटलं. दगडाच्या तळाला चिठ्ठी चिकटवलेली होती आणि तिच्यावर बाईंच्या अक्षरात अर्जाचा नंबर, ‘अट पाचवी’ आणि तारीख. डेरेकने ते मोठ्याने वाचून दाखवलं. आता मात्र रफीकसकट सगळे हसले, आणि डेरेकने दगड बाईंच्या शेजारच्या खुर्चीवर नीट ठेवला, पाहुण्याला बसवावं तसा.

हसणं थांबल्यावर रफीक पुढे येऊन समोरच्या टेबलाला टेकले. “दगड सापडला म्हणजे अट पुरी झाली नाही, मिसेस गिलो. फॉर्म लागेल. आणि मी तो खुर्चीत बघून हो म्हणू शकत नाही. जागेवर, चुन्यात बसवलेला, एक मीटर भिंत तरी हवी. कायद्याने मला आठ आठवडे आहेत.”

“मला अकरा दिवस आहेत.”

“मग फॉर्म आज भरा. मी पुढच्या बुधवारी येतो. पसंत पडलं तर पडलं. तुमची-माझी ओळख आहे म्हणून हो म्हणणार नाही.”

“म्हणालात तर मी तुमच्या वरिष्ठांना पत्र लिहीन.”

फॉर्म डेरेकने बाहेरच्या बाकावर बसून आपल्या टॅबवर भरायला घेतला. बाई सांगत होत्या, तो टाइप करत होता. ‘अर्ज करण्याचे कारण’ या चौकटीत डेरेकला ‘विसर पडला’ एवढंच लिहायचं होतं. बाईंनी तीन पूर्ण वाक्यं लिहायला लावली.

“अजून पेन्सिलीला टोक काढतेस ना तू?” तो म्हणाला.

“काढते. तू बॅटरी भरतोस तसंच ते.”

बारा वाजायच्या आत फॉर्म गेला. विल्फला फोन केला तेव्हाची शांतता डायरीत आलीच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने त्या क्रॅगफूटला गेल्या, दगड पिशवीत घालून. हेझलने कॅरव्हानच्या दारातूनच सांगितलं, की बाबा चिडला असता तर बरं, गप्प आहे म्हणजे मनाला लागलंय. आत गॅसची शेगडी पेटलेली होती आणि खिडकीच्या काचा घामेजल्या होत्या. लहानगं पलंगावर बसून बशीतला बटाटा बोटांनी चिवडत होतं. दुसरं आल्यावर पाळणा कुठे ठेवायचा, याचा विचार हेझलने केलेलाच नव्हता, कारण तोवर निदान चार भिंती उभ्या राहतील असं तिने धरून ठेवलं होतं. बाईंनी चहा घेतला आणि बसून राहिल्या नाहीत.

विल्फ गोठ्यात होता.

“तीन वर्षं मला पत्रं पाठवलीत,” तो म्हणाला, “विल्फ, उशीर करू नका. विल्फ, तारीख लक्षात ठेवा. माझ्या फ्रिजचं दार दिसेनासं झालं. आणि कागद तुमचाच राहिला?”

“हो.”

“हो एवढंच?”

“याहून खरं सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही.”

विल्फने फावडं भिंतीला टेकवलं. थोडा वेळ तो गाईकडे बघत राहिला, जणू तिचं मत घ्यायचं होतं. मग म्हणाला, पडलेल्या कुंपणाचा दगड मागे भरपूर आहे, तो याच खाणीचा, नमुन्याची भिंत मी स्वतः बांधतो, गवंडी कशाला हवा.

ती त्याने रविवारी बांधली, आणि नीट बांधली. बुधवारी रफीक आले. पाऊस होता आणि त्यांच्या पायात ऑफिसचे बूट होते. त्यांनी भिंतीला एक फेरी मारली, सांध्यावर नख ओढलं आणि नखाकडे पाहिलं.

“दगड सुरेख आहे. पण हा चुना नाही, सिमेंट आहे.”

“शेडमध्ये तेच होतं,” विल्फ म्हणाला. “धरून ठेवतंय की.”

“अटीत चुना लिहिलाय, मिस्टर सेडन. धरून ठेवण्याबद्दल काही लिहिलेलं नाही.”

विल्फने टोपी काढून चिखलात टाकली, मग ती टोपी चांगली आहे हे आठवून पुन्हा उचलली. रफीक म्हणाले, शुक्रवारी दुपारी पुन्हा येऊ शकतो, त्यानंतर नाही. त्यांचा आवाज कोरडा नव्हता, पण ‘नाही’ मधला ‘ना’ पक्का होता. रागवावं असं त्यात काही नव्हतं, म्हणून विल्फला जास्तच राग आला.

विनिफ्रेडबाईंनी तिथूनच चर्चच्या कुंपणाचं काम करणाऱ्या गवंड्याला फोन लावला. त्याच्याकडे मुरवलेल्या चुन्याची बादली होती, पण पाठ धरली होती. बादली नेता येईल, पाठ येणार नाही, असं तो म्हणाला. हेझलचा नवरा टँकर वाटेत थांबवून बादली घेऊन आला. विल्फने भिंत पाडली आणि दुपारी तीनला पुन्हा सुरुवात केली. पाऊस ओल्या चुन्यावर पडून चालत नाही, म्हणून बाई छत्री घेऊन भिंतीवर धरून उभ्या राहिल्या. दोन तास उभ्या राहिल्या. हेझल मध्येच येऊन त्यांच्या खांद्यावर गोणपाट टाकून गेली.

पहिला तासभर विल्फ फक्त दगडाशी बोलत होता. मग म्हणाला, “ह्यूबर्ट असता तर त्याने फॉर्म भरला असता का?”

बाईंनी खरा विचार करून उत्तर दिलं. “नाही. तो दगड न्यायलासुद्धा विसरला असता. मी निदान दगड तरी नेला.”

विल्फ हसला. थापी चालवता चालवता त्याने सांगितलं, की परवानगीचं पत्र आलं त्या दिवशी ह्यूबर्टची आठवण काढून त्याने आणि हेझलच्या आईने एकेक ग्लास शेरी घेतली होती, आणि पुढच्याच हिवाळ्यात ती गेली. घर व्हावं हे मुळात तिचंच होतं. त्याने काम पुढे पुढे का ढकललं हे तो बोलला नाही. बाईंनीही विचारलं नाही. त्यांनी छत्री थोडी त्याच्या बाजूला सरकवली. संध्याकाळी दोघांनी भिंतीवर ओली पोती पांघरली, चुना सावकाश वाळावा म्हणून.

शुक्रवारी रफीक रबरी बूट घालून आले. पोती काढली. त्यांनी भिंत जवळून पाहिली, दहा पावलं मागे जाऊन पाहिली, पुन्हा जवळून पाहिली. वहीत काहीतरी लिहिलं आणि “कळवतो” एवढं म्हणून गेले. विल्फने त्यांना अंडी द्यायला काढली होती. निर्णय होईपर्यंत देऊ नका, असं बाईंनी त्याला बजावलं.

घरी येऊन त्यांनी शुक्रवारचं बिनमांसाचं, बटाट्या-कांद्याचं पॅटिस ओव्हनमध्ये टाकलं आणि संगणक उघडून समोर बसल्या. चार वाजून चाळीस मिनिटांनी पत्र आलं. अट पाचवी, दगड आणि चुना, पसंत. त्यांनी ते तीनदा वाचलं. पत्रात एक चूक होती: ते मिसेस विल्फ सेडन यांच्या नावे होतं. अर्जाचा नंबर बरोबर होता, जागा बरोबर होती, सही होती. आयुष्यात पहिल्यांदा विनिफ्रेडबाईंनी चूक कळवली नाही. पॅटिस थोडं करपलं.

शनिवारी सकाळी विल्फने छोटं खोदाईयंत्र सुरू केलं तेव्हा त्या तिथे टेप घेऊन हजर होत्या. खुंट्या विल्फने नजरेने ठोकल्या होत्या. बाईंनी नकाशा उघडून फाटकाच्या खांबापासून मोजलं. खुंट्या दोन फूट उत्तरेला होत्या.

“दोन फुटांनी काय होतंय?” विल्फ म्हणाला. “घर ते घरच.”

“नकाशात जिथे भिंत आहे तिथे चर खणलात तरच तो या घराचा. दोन फूट पलीकडे खणलात तर ते कुठल्याच घराचं काम नाही.”

“तुम्ही आणि तो रफीक एका आईची लेकरं.”

“खुंट्या काढा, विल्फ.”

त्याने काढल्या. बाईंनी त्या स्वतः ठोकल्या, एकेक, दोरी ताणून. मग यंत्राने पहिला घास घेतला. माती वर काळी होती, खाली पिवळी, आणि साडेतीन फुटांवर खडक लागला. चर चौदा फूट लांब झाला. हेझल लहानग्याला कडेवर घेऊन त्याच्या पलीकडे, जिथे स्वयंपाकघर यायचं होतं तिथे, उभी राहिली. इथून गेट दिसेल, ती म्हणाली, टँकर आला की दिसेल. लहानग्याने मूठभर पिवळी माती घेतली आणि कोणी बघायच्या आत तोंडात घातली.

बाईंनी चराचे सहा फोटो काढले, टेप आत ठेवून, आणि ते तिथल्या तिथे खात्याला पाठवले. चार मिनिटांत रफीकचं उत्तर आलं, शनिवार असून. ‘मिळाले. परवानगी कायम.’

विल्फने यंत्र बंद केलं आणि हात पुसले. अंडी आता देऊ का, असं त्याने विचारलं. बाई म्हणाल्या, सोमवारी स्वतः नेऊन द्या, आणि पावती मागू नका. तो त्यांना बसथांब्यापर्यंत सोडायला आला. बस वळणावर दिसली तेव्हा म्हणाला, “गाईंच्या शेडचं छप्पर बदलायचंय पुढल्या वर्षी. उंची चार फूट वाढेल. परवानगी लागते का?”

“लागते.”

“मग भरा फॉर्म,” विल्फ म्हणाला आणि परत फिरला.

त्या संध्याकाळी त्यांनी डायरीत चराची लांबी, रुंदी आणि खोली लिहिली, खडक किती फुटांवर लागला ते लिहिलं, आणि खाली लिहिलं: सकाळी घाईत टॉवेल दोरीवरच राहिले. चूक माझी. दुपारच्या सरीत भिजले. चारही पुन्हा धुवायला टाकले.